ओपिनेल नंबर ८ चा कोकणातला पहिला पावसाळा

लाकडी मुठीचा, साध्या पोलादी पात्याचा घडीचा चाकू रोज खिशात बाळगायचा तर आपल्याकडे त्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते. मे २०२४ मध्ये फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ हाती आला आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत तो मनासारखा चालायला लागला. मधल्या पाच महिन्यांत पातं मुठीत घट्ट अडकलं, टोकाचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलं, गंज चढला आणि 'हा खिशात ठेवलेला चालतो का' हा प्रश्नही सोडवावा लागला. या चाकूच्या निगेबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांचं. रत्नागिरीच्या दमट हवेत काय करावं लागलं, ते इथे तारीखवार लिहितो.

आधी चाकूची ओळख. याचे भाग पाचच: पातं, बीच झाडाच्या लाकडाची मूठ, मुठीच्या तोंडाला पक्की बसवलेली पोलादी वळी, पातं ज्यावर फिरतं तो रिव्हेट आणि वळीवर फिरणारं कडं. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये आल्प्समधल्या साव्हॉय भागात शेतकऱ्यांच्या रोजच्या वापरासाठी हा चाकू घडवला. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी मापं ठरली. उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारं कडं बरंच नंतर आलं, १९५५ मध्ये. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर, मिटलेला चाकू अकरा सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन जेमतेम ४५ ग्रॅम. शर्टाच्या खिशात ठेवला तरी खिसा ओढला जात नाही. पातं पावणेदोन मिलिमीटरच्या आत-बाहेर जाडीचं, म्हणून आंबा, पेरू, कांदा यांत ते सरळ उतरतं. जाड पात्याचे 'दणकट' चाकू फळ कापत नाहीत, फोडतात.

पातं दोन प्रकारचं मिळतं आणि ते पात्यावरच कोरलेलं असतं: 'कार्बोन' किंवा 'इनॉक्स'. कार्बोन म्हणजे साधं पोलाद. त्याला धार लवकर लागते आणि गंजही लवकर लागतो. इनॉक्स गंजाला फारशी दाद देत नाही, पण धार लावायला थोडा जास्त वेळ घेतो. माझा कार्बोनचा होता. समुद्रकाठी राहणाऱ्याने पहिला चाकू इनॉक्सचाच घ्यावा असं आता माझं स्पष्ट मत आहे. मूठ मात्र दोन्हींची सारखीच फुगते, त्यामुळे खाली मुठीबद्दल जे लिहिलं आहे ते दोघांनाही लागू आहे.

१९ मे रोजी आतेभाऊ फ्रान्सहून सुट्टीवर आला, त्याने येताना चाकू आणला. तिकडे बारा युरो पडले, म्हणजे अकराशे रुपयांच्या आत. विमानात तो चेक-इनच्या बॅगेतच टाकावा लागतो, हातातल्या बॅगेत कितीही छोटं पातं नेऊ नका. बॅग तपासणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून पातं मिटवून, कडं फिरवून, वर पुठ्ठा गुंडाळून दिलेला बरा. २००० सालानंतरच्या चाकूंत मिटलेलं पातंही कड्याने बंद करता येतं, त्याचा इथे उपयोग होतो.

दुसऱ्याच दिवशी कायद्याचं पाहिलं, कारण वापरायला लागल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं चांगलं. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा जो वर्ग आहे, त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. साडेतीन इंचांच्या आतला फळं कापायचा चाकू त्यात बसत नाही, परवाना लागत नाही. पण एवढ्यावर काम भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. सण, निवडणुका, मोर्चे, आंदोलनं असली की निघतातच. एक आदेश साधारण पंधरा दिवसांचा असतो आणि लागलीच दुसरा निघू शकतो. त्यातल्या यादीत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या आणि शेवटी शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू, असं सगळं येतं. या शेवटच्या शब्दांत फळं कापायचा चाकूही सापडू शकतो, आणि आदेश मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा होतो.

पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. ठाणे अंमलदारांनी गोपनीय शाखेकडे पाठवलं, तिथले कर्मचारी बंदोबस्तावर होते, म्हणून २३ मेला पुन्हा जावं लागलं. दोन खेपांत मिळून दीड तास गेला. चाकू सोबत नेला नव्हता, फक्त पट्टी धरून काढलेला फोटो दाखवला. विचारायला जाताना वस्तू घेऊन जाऊ नये, हे लक्षात ठेवा. उत्तर सरळ मिळालं: "परवान्याचा प्रश्न नाही. पण मनाई आदेश चालू असेल तेव्हा घरी ठेवा, आणि मिरवणुकीत, सभेत कधीच नको." आदेश स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. महिन्यातून दोनदा ते पाहायची सवय लावून घेतली.

गाव बदललं की नियम बदलतात. दिल्लीत १९८० च्या एका अधिसूचनेनुसार बटणाचे, गरारीचे (दात्यांवर उघडणारे) किंवा कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडमिट होणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर, सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाहीत. ओपिनेलचं कडं त्यात धरलं जाईल का याच्या वादात पडण्यापेक्षा दिल्लीला जाताना तो घरी ठेवावा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठीही एक गोष्ट: तिथे सबळ कारण न देता खिशात ठेवता येतो तो फक्त घडीचा, धार तीन इंचांपर्यंतची आणि पातं उघडल्यावर कुलूप न बसणारा चाकू. नंबर ८ या दोन्ही अटींत नापास होतो.

आता पातं. नव्या कार्बोनच्या पात्यावर कारखान्यातलं तेल असतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. मूठ पाण्यात बुडवायची नाही, पातं उघडून फक्त पातंच नळाखाली धरायचं. पहिल्या आठवड्यात हापूस कापला तर फोडीच्या कडेला करडी रेघ उमटते आणि जिभेला लोखंडाची चव लागते. कैरी आणि लिंबू यांनी तर पातं मिनिटभरात काळं पडतं. हे बिघडणं नव्हे. आम्लामुळे पोलादावर काळसर-निळसर थर धरतो, आणि एकदा तो सगळीकडे चढला की चव जवळजवळ जाते आणि तांबड्या गंजालाही थोडा अटकाव होतो. घरच्या विळीच्या पात्यावर असतो तोच हा थर. तो आपोआप धरायला तीनेक आठवडे लागतात, पण पाऊस तोंडावर होता म्हणून २८ मेला मुद्दाम धरवला. साधं पांढरं व्हिनेगर गरम केलं, टिश्यू त्यात भिजवून पात्याला गुंडाळला, अर्धा तास ठेवला, धुतलं, पुसलं, तेल लावलं. असं दोनदा. तेलाचा हात लागलेला असेल तर थर ठिपक्याठिपक्यांनी चढतो, म्हणून त्याआधी साबणाने पातं पूर्ण निवळ करायचं. आणखी एक: व्हिनेगर धारेलाही खातं. थर धरवून झाल्यावर धार पुन्हा लावावी लागते, आधी लावून ठेवण्यात अर्थ नाही.

तेल कोणतं, यावर बराच विचार केला. खोबरेल घरात असतंच, अडकित्त्याच्या सांध्याला पिढ्यान्‌पिढ्या तेच लावत आले, आणि चंचीतला अडकित्ता रोज वापरात असल्यामुळे त्याचं भागतही होतं. चाकू मात्र कधी चार दिवस न उघडता राहतो. गोडंतेल, शेंगदाण्याचं तेल हवेने चिकट होतं आणि सांध्यात धूळ धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. ते खवट होत नाही, चिकटत नाही आणि थेंबभर पोटात गेल्याने अपाय नाही. शंभर मिलीची बाटली शंभर-सव्वाशे रुपयांना मिळाली आणि पाच महिन्यांत पाव सुद्धा संपली नाही. दोन थेंब पात्याला, एक सांध्यात, जास्तीचं पुसून टाकायचं. एवढंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि १४ जूनला पातं मुठीतून निघेना. नखाची खाच धरून ओढलं तर नख वाकतं, चिमटीत धरून ओढलं तर पातं एकदम सुटून बोटावर येण्याची भीती. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात. लाकूड ओल पितं आणि रेषांच्या आडवं फुगतं. मुठीला बाहेरून वार्निश आहे, पण पातं ज्या फटीत बसतं तिथलं लाकूड उघडं आहे, म्हणून ओल तिथूनच शिरते. तोंडाशी पोलादी वळी असल्यामुळे लाकडाला बाहेर फुगायला जागा नाही, मग ते आत फुगतं आणि पात्याच्या मुळाला दोन्ही बाजूंनी आवळतं. म्हणजे अडकण्याची जागा टोकाशी नसून रिव्हेटजवळच्या दीड सेंटिमीटरमध्ये आहे.

साव्हॉयमध्येही ही अडचण जुनी आहे. तिथले लोक मुठीचं शेपूट आपटून पातं बाहेर काढतात आणि त्या ठोक्याला त्या प्रांताचंच नाव आहे. कडं उघडं करायचं, फट खाली येईल असा चाकू धरायचा आणि मुठीच्या शेपटाचा फटीकडचा कोपरा टेबलाच्या कडेवर टक्‌कन आपटायचा. मूठ थांबते, पातं पुढे जाऊ पाहतं आणि नख घालण्याइतकं बाहेर येतं. दुसरा हात आणि मांडी खाली असता कामा नये. १४ जूनला या ठोक्याने पातं बाहेर आलं, पण नंतर पूर्ण उघडायला जो जोर लागला तो रोजच्या वापरात धोक्याचा आहे. सुटतानाच बोट कापतं.

मग वाळवण. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून काही फरक पडला नाही. पावसाळ्यात तांदूळ स्वतःच ओल धरून असतो. रंग बदलणारं सिलिका जेल पाव किलो मागवलं, दीडशे रुपये. घट्ट झाकणाच्या डब्यात चाकू अर्धवट उघडा ठेवून पाच दिवस, १७ ते २२ जून. जेलचा रंग बदलला की ते वापरातून काढलेल्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. उन्हात, चुलीवर किंवा ओव्हनमध्ये मूठ वाळवू नका. बाहेरचा थर झटकन आकसतो, आतला नाही, आणि वळीपासून मुठीला चीर जाते. पाच दिवसांनी पातं मेच्या मानाने थोडं जड, पण दोन बोटांनी उघडू लागलं. मात्र डब्याबाहेर ठेवल्यावर तीन दिवसांत पुन्हा तेच. नुसतं वाळवणं पुरत नाही, हे कळलं.

२६ जूनला पुन्हा वाळवायला घातला आणि ३० जूनला फट मोकळी करायला घेतली. आधी कडं काढायचं. त्यासाठी सर्कलिपची पक्कड लागते, ती दाबल्यावर जिची टोकं एकमेकांपासून लांब जातात ती. हार्डवेअरच्या दुकानात १८० रुपये. पातं मिटवून, कड्याची फट पात्याच्या फटीसमोर आणून, पकडीची टोकं कड्याच्या दोन कडांना लावून दोन-तीन मिलिमीटर फाकवायचं आणि वर उचलायचं. कडं उडतं, डोळ्यांवर चष्मा असू द्या. जास्त फाकवलं तर परत बसवल्यावर ढिलं फिरतं. तसं झालं तर साध्या पकडीत कापड घालून हलकेच आवळून घ्यावं. रिव्हेटला हात लावायचा नाही. तो वळीवर ठोकून बसवलेला असतो, एकदा काढला की घरच्या घरी तसा बसत नाही.

आता पातं अर्धं उघडून त्याच्या मुळाशी लाकडावर पाहिलं तर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात. काम तेवढ्याच जागेवर करायचं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून पातं आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवायची, खरखरीत बाजू लाकडाकडे, आणि वीस वेळा ओढायची. मग दुसरी बाजू, तितकेच हात. मग भुसा फुंकून काढायचा, पातं उघडून-मिटवून पाहायचं, पुन्हा वीस. धारेला चिकटपट्टी लावलेली असू द्या, बोटं पात्याला लागूनच फिरत असतात. मला एकूण साठ-साठ हात लागले. इथे घाई केली तर भरून निघत नाही: लाकूड जास्त गेलं की पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे डुलतं आणि मिटताना मुठीच्या मध्यावर येत नाही, धार लाकडाला घासून बोथट होते. वाळलेल्या मुठीत पातं 'किंचित सैल' वाटेल तिथे थांबायचं. पावसात ते बरोबर होतं.

उघडं झालेलं लाकूड लगेच बंद करायला हवं. इथे जवसाच्या तेलाचा सल्ला सर्रास दिला जातो. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात आणि या चाकूने आपण खायचं कापतो. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल चालतं, पण पावसाळ्यात ते वाळतच नाही. शेपटाकडे थोडं लावून पाहिलं तर दहा दिवसांनीही बोट चिकटत होतं. ज्यांना उन्हाळ्यात ते लावायचं आहे त्यांनी तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नये, दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून मग टाकावं. जवसाच्या तेलाचं गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.

शेवटी मेण वापरलं. मधमाशांचं मेण एक भाग, लिक्विड पॅराफिन तीन भाग, वजनावर. वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, थेट आचेवर नाही. थंड झाल्यावर मऊ मलम होतं. हेअर ड्रायरने मुठीचं तोंड दोन मिनिटं कोमट करायचं, दातकोरणीने मलम फटीच्या दोन्ही भिंतींना चोळायचं, पुन्हा थोडी ऊब, की ते लाकडात शिरतं. पातं तीसेक वेळा उघडमिट करायचं, वर आलेलं पुसायचं आणि रात्रभर ठेवायचं. असं लागोपाठ तीन रात्री. ३ जुलैला कडं परत बसवलं. त्यानंतर मुसळधार पावसाच्या आठवड्यातही पातं दोन बोटांनी उघडलं. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा मलमाचा हलका हात द्यावा लागला.

९ जुलैची चूक सांगायला हवी, कारण ती बऱ्याच जणांच्या हातून होते. दारावर आलेल्या धारवाल्याकडे चाकू दिला. तीस रुपये, दोन मिनिटं. त्याचं चाक विळी, कोयता, कात्री यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यावर ते चांगलं काम करतं. या पात्याची जाडी मात्र टोकाकडे इतकी कमी होत जाते की कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं. टोकाचा पाच मिलिमीटर भाग निळा पडला. पोलाद निळं दिसलं म्हणजे ते साधारण तीनशे अंशांपर्यंत तापलं, म्हणजे दिलेलं पाणी तिथे उतरलं. अशा जागी धार लागते, पण टिकत नाही, दोन टोमॅटो कापले की दुमडते. निळा रंग घासून गेला तरी आतलं पोलाद मऊच राहतं. उपाय एकच, तेवढं पातं झिजवून काढणं. ओल्या पॉलिश पेपरवर तीन संध्याकाळी घासून टोक तीन मिलिमीटर मागे आणलं. उरलेला मऊ भाग पुढच्या धार लावण्यांत जाईल.

धार घरीच लावायची आणि त्याला महागडा दगड लागत नाही. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घरोघरी असतो, पण त्याची बारीक बाजूसुद्धा या पात्याला भरड पडते. ओला-सुका चालणारा पॉलिश पेपर ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचा, प्रत्येकी वीस-पंचवीस रुपये. गुळगुळीत फरशीचा तुकडा पाण्याने ओला केला की कागद त्यावर चिकटून बसतो. पातं धार मागे राहील अशा दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढायचं. धार पुढे नेली तर कागद फाटतो. कारखान्याची धार दर बाजूला वीस अंशांची असते. फळं-भाजीसाठी सतरा-अठरा बरी वाटते. नंबर ८ च्या रुंदीला पाठ कागदापासून साधारण पाच मिलिमीटर वर धरली की तो कोन येतो. धारेला काळं मार्कर लावून चार हात ओढा आणि पाहा. शाई फक्त वरून गेली असेल तर पाठ जास्त खाली आहे, फक्त काठावरून गेली असेल तर जास्त वर आहे, सगळी गेली तर कोन जमला.

एका बाजूला ओढत राहायचं, जोवर दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर मुळापासून टोकापर्यंत बर (काठावर वळून आलेली पोलादाची बारीक, खरखरीत कड) लागत नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. मधल्या भागात बर येतो, टोकाला येत नाही, आणि ते कागद बदलतात. टोकाकडे जाताना मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर पात्याची गोलाई कागदाला लागतच नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण बर आला की पुढचा कागद, दाब निम्मा, हात निम्मे. २००० नंतर जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दर बाजूला वीस वेळा. पहिल्यांदा या सगळ्याला पाऊण तास लागला, सप्टेंबरमध्ये बारा मिनिटं. रोजच्या वापरात मग दर रविवारी फक्त चामड्यावर फिरवलं की पुरतं, कागद महिन्यातून एकदा. परीक्षा पिकलेल्या टोमॅटोवर घ्या: पातं नुसतं ठेवून ओढलं की साल सुटली पाहिजे, दाबावं लागता कामा नये.

ऑगस्टमध्ये गंज. काळा थर असूनही नखाच्या खाचेत आणि सांध्याजवळ तांबडे ठिपके आले, कारण तिथे ना फडकं पोचतं ना तेल. चाकू पॅन्टच्या खिशात होता. घाम खारट, वरून पावसाने भिजलेलं कापड. चामड्याची पिशवी आणखी वाईट, ती ओल धरून ठेवते. जुन्या सुती धोतराची साधी शिवलेली पिशवी आणि शर्टाचा खिसा, हे सगळ्यात चांगलं ठरलं. पिशवी दर दोन दिवसांनी बदलायची. ठिपके २००० नंबरच्या कागदाचा बारीक तुकडा तेलात बुडवून दातकोरणीच्या टोकाने घासले की जातात. चिंच किंवा लिंबाने घासून गंज निघतो खरा, पण त्याबरोबर काळा थरही निघतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवा गंज तयार. संध्याकाळी घरी आल्यावर पातं उघडून पुसणं, फटीतून कापसाची काडी फिरवणं, एक थेंब तेल: एक मिनिट लागतं आणि ते चुकवलं की दोन दिवसांत दिसतं.

ज्यांना एवढी देखभाल नको, पण जुन्या पद्धतीचा चाकू हवा आहे, त्यांनी पत्र्याच्या मुठीचे चाकू पाहावेत. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी हा घडी घातलेल्या पत्र्याच्या मुठीचा असतो. पात्याच्या मुळाला छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची, दुसरं कुलूप नाही. फ्रान्सच्या थिएर गावचा डुक-डुक १९२९ पासून बनतो, त्याची मूठही पत्र्याची. लाकूडच नाही, त्यामुळे फुगण्याचा प्रश्न नाही. पण दोन्ही हातात घेतल्यावर गार आणि सपाट लागतात. ओपिनेलची गोल मूठ अर्धा तास कैऱ्या चिरल्यावरही तळहाताला रुतत नाही, आणि माझी सगळी खटपट त्या मुठीसाठी होती.

रोजची कामं म्हणाल तर सुतळी, पार्सलची पट्टी, पेरू, विड्याच्या पानाचा देठ, जास्वंदीच्या फांद्या कलमासाठी तिरक्या कापणं, मुलांच्या पेन्सिली. शहाळं, नारळाची करवंटी, डब्याचं झाकण उचकटणं ही याची कामं नाहीत. पातं वाकतं आणि रिव्हेट ढिला होतो. आणि पातं उघडलं की काम कितीही छोटं असो, कडं फिरवायचं. फिरवायचं राहिलं की पातं बोटावर मिटतं.

७ सप्टेंबरला गणपती बसले. तेव्हाच्या मनाई आदेशाची बातमी वर्तमानपत्रात आधीच दिसली होती, म्हणून चाकू विसर्जनापर्यंत घरातच राहिला आणि मोदकांसाठी नारळाच्या कातळ्या काढायच्या कामी आला. खोबऱ्याचा स्निग्धांश पात्यावर राहतो, तो साबणाने काढला नाही तर फटीत खवट वास धरतो. त्या दिवसांत ते दोनदा करावं लागलं.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात मूठ आकसली. आता पातं खाली धरून झटकलं तर मिटलेल्या स्थितीतून अर्धा सेंटिमीटर बाहेर येतं, म्हणजे जूनमध्ये घासताना दहा-वीस हात जास्तच झाले. खिशात ठेवताना मिटलेल्या पात्यावरही कडं फिरवलं की ते हलत नाही. उघडल्यावर डुलत नाही, हे तपासून घेतलं. पाच महिन्यांचा खर्च, चाकू धरून, सतराशे रुपयांच्या आसपास झाला. त्यातली पक्कड आणि सिलिका जेल पुढेही उपयोगी पडतील. जानेवारीत हवा सगळ्यात कोरडी असेल तेव्हा मुठीचं वार्निश काढून घाण्याचं जवसाचं तेल लावणार आहे, मग ते वाळायला चांगला महिना-दीड महिना मिळेल.